रंग कुणाचा, चौकट कुणाची?

चातुर्मास संपल्यावर माझी भाची जळगावहून सुरतेला आली. आठ दिवस कॅमेरा गळ्यात. जायच्या आदल्या रात्री म्हणाली, "मावशी, साडी बघताना तू इतक्या चुका काढतेस, आता माझ्या फोटोंच्या काढ." तीन फोटो तिने निवडून ठेवले होते. मी फोटोग्राफर नाही. पण सुरतेत राहून बाईला रंगाची नजर येतेच, तेवढ्या भांडवलावर बोलते.

पहिला फोटो रिंग रोडच्या कापड मार्केटबाहेरचा. हातगाडीवर पार्सलांचा डोंगर आणि पुढे वाकलेला हमाल. सुरत रंगाचं शहर खरं, पण रस्त्यावर तो रंग गोण्यांत शिवलेला असतो. ओढणाऱ्याला तो दिसतही नाही. भाचीने फोनवर रंग चढवले होते, म्हणून हमालाचा विटका शर्ट नव्यासारखा निळा झाला होता. मी म्हटलं, "अगं, त्या शर्टाचं विटणं हीच तर या फोटोतली बातमी. तीच तू धुऊन टाकलीस."

दुसरा तिचा सगळ्यात लाडका. गोपीपुऱ्यातली निळी भिंत आणि कोपऱ्यातून जाणाऱ्या, पांढऱ्या वस्त्रांतल्या एक साध्वीजी. दिसायला फारच देखणा. ती सांगू लागली, "पाऊण तास थांबले, कुणीतरी पांढरं यावं म्हणून."

कुणीतरी पांढरं! हा शब्द मला टोचला. चौकटीत दोन हिस्से भिंत, आणि खालच्या कडेला साध्वीजींची पावलं कापलेली. अनवाणी विहार हे ज्यांचं व्रत, त्यांची पावलंच फोटोत नाहीत. निळ्यावर पांढरं उठून दिसलं, माणूस मात्र दिसला नाही.

तिसरा तिने संकोचत दाखवला. "यात फार गर्दी झालीय." दीक्षेचा वरघोडा. रथात लाल शालूतली, दागिन्यांनी मढलेली मुमुक्षू मुलगी वर्षीदान उधळतेय. पुढे वेचणाऱ्यांचे हात, बाजूला लाल कोटातला बँडवाला घाम पुसतोय, डावीकडे साध्वीजींचा पांढरा समुदाय. आणि रथाच्या चाकाशी, पोपटी साडीत, मुलीची आई.

नजर कुठे ठेवावी कळत नाही, हे खरं. पण तो दोष नाही. रघुबीर सिंह हे नाव मी तिला तेव्हाच सांगितलं. जयपूरचे, जन्म 1942चा. फोटोतली कला म्हणजे काळं-पांढरं, असं मानणाऱ्या काळात त्यांनी आयुष्यभर रंगीत फिल्म वापरली आणि 1998 साली 'रिव्हर ऑफ कलर' हे पुस्तक दिलं. त्यांच्या चौकटीत बहुधा एकच नायक नसतो. खांब, आरसा, अँबॅसडर गाडीचं उघडं दार मध्ये येतं, चौकटीचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात कुणीतरी आपल्या कामात असतं. आपण व्याख्यानात अनेकांतवाद ऐकतो ना, तो इथे डोळ्यांना दिसतो. एकच बाजू पूर्ण सत्य नाही. वरघोडा मुलीचा, तसाच घाम पुसणाऱ्या बँडवाल्याचाही.

मग रंग नसला तर फोटो गरीब होतो का? मुळीच नाही. आपल्या शेजारच्या नवसारीत 1913 साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्यांनी ऑगस्ट 1947 टिपला, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. सगळं गाजलेलं काम कृष्णधवल. रंगाची उणीव भासत नाही, कारण कोण कुठे उभं आहे आणि उजेड कुणावर आहे, यातूनच त्या सगळं सांगतात.

त्यावरून मला एक परीक्षा सुचली. तिन्ही फोटोंतले रंग काढून टाकायला सांगितले. फोनवर एक बोट लागतं. हमालाचा फोटो सुधारला. ताणलेली मान आणि दंड पुढे आले. निळ्या भिंतीचा फोटो रिकामा झाला, त्यात रंगाशिवाय काही नव्हतंच. वरघोड्यातली माणसं टिकली, पण मुलीचा शालू आणि बँडवाल्याचा कोट एकाच काळसर रंगाचे झाले. पोपटी आणि लाल कुठे भेटतात ते कळेना. आज लाल आणि उद्या पांढरं, ही त्या मुलीची सगळी गोष्टच पुसली गेली. इथे रंग शोभेला नव्हता, तो अर्थ होता.

बायांनो, आता आपल्या प्रत्येकीच्या हातात कॅमेरा आहे. मंदिरात, बाजारात, लग्नात आपण फोटो काढतो. छान दिसतंय म्हणून बोट दाबण्याआधी एवढंच विचारावं : हा रंग इथे काय सांगतोय? आणि ज्याचा फोटो काढतेय, त्याचं काही कापलं तर जात नाही ना?

भाचीला म्हटलं, तिसरा मोठा करून घे. ती कोपरा छाटायला निघाली होती, पोपटी रंग डोळ्यांत खुपतो म्हणून. मी तिचा हात धरला. तो कोपरा नीट बघ. सगळे रथावरून उधळलेलं वेचतायत. आई एकटीच काही वेचत नाहीये. तिने लेकीच्या शालूचा काठ चिमटीत धरलाय. उद्या हा लाल शालू घरी राहील, लेक राहणार नाही.

भाचीने कोपरा तसाच ठेवला.