निमंत्रणाची वाट पाहणारा विनोद

मॉरिझिओ कॅटेलानचं भिंतीला चिकटवलेलं केळं २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये ६२ लाख डॉलरला गेलं आणि विकत घेणाऱ्यानं दहा दिवसांच्या आत हाँगकाँगला पत्रकारांसमोर ते खाऊन टाकलं. त्यावर आपल्याकडे जे लिहून यायचं ते येऊन गेलं. त्या केळ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या पिलावळीशी, कारण ती आता हैदराबादेत येऊन ठेपली आहे.

माधापूर आणि बंजारा हिल्सची दालनं, कलाशाळांची वार्षिक प्रदर्शनं, सगळीकडे गेल्या काही वर्षांत एकच विषय पुन्हापुन्हा भेटतो: आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात आपल्याला कुणी बोलावत नाही, आणि त्यावरची गंमत. नकाराच्या ईमेल चौकटीत घालून रांगेनं लावलेल्या. स्वतःच्या भाड्याच्या खोलीला दिलेलं 'राष्ट्रीय दालन' हे नाव. परदेशी संग्रहालयांचे शिक्के मारलेली रिकामी बॅग. एका तरुणानं व्हिसा नाकारल्याचं पत्र मखमलीवर जरदोजीत भरून घेतलं होतं. काम देखणं होतं. इंग्रजी अक्षरांचे काने सोनेरी कसबानं उभे केलेले, दूतावासाच्या शिक्क्याचं वर्तुळ बारीक टिकल्यांनी भरलेलं, आणि तारखेच्या जागी एक टाका थोडा सैल. खाली पाटीवर चित्रकाराचं नाव, कामाचं नाव, माध्यम, माप. ज्या कारागिरानं आठ-आठ तास कारचोबावर वाकून ते भरलं असेल त्याचं नाव कुठेच नव्हतं. जगानं आपली दखल घेतली नाही, ही तक्रार मांडणाऱ्या कामानं चारमिनारच्या मागच्या गल्लीतल्या माणसाची दखल घेतली नाही. मी लिहायला बसलो तो त्या पाटीमुळे.

विषयात काही वाईट नाही. व्हेनिसची बिनाले हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १८९५ पासून चालू आहे, आणि तिथे जायचं कुणी, पाठवायचं कुणी, पैसे कुणाचे हा प्रश्न हसण्याजोगा आहे आणि रडण्याजोगाही. कॅटेलाननं स्वतः १९९३ मध्ये व्हेनिसला मिळालेली जागा एका जाहिरात कंपनीला भाड्यानं देऊन टाकली होती आणि तिथे अत्तराची जाहिरात लागली. १९९९ मध्ये त्यानं जेन्स हॉफमनबरोबर कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर 'सहावी कॅरिबियन बिनाले' भरवली. पहिल्या पाच कधी झाल्याच नव्हत्या. नावाजलेले दहा कलावंत बोलावले, ते समुद्रावर पहुडले, पोहले, आणि एकही कलाकृती न मांडता परतले. बिनाले म्हणजे ओळखीच्या मंडळींची सहल, हे यापेक्षा स्पष्ट कुणी सांगू शकणार नाही. ते सांगून झालं. पंचवीस वर्षांनंतर तीच गोष्ट सांगणारा माणूस धाडसी नसतो. तो उशिरा आलेला असतो. शिवाय कॅटेलान आत होता, आतून दार ठोठावत होता. आपली मुलं बाहेर उभी राहून तेच करतात, तेव्हा आतल्यांना वाटतं की ही आत घ्या म्हणतायत. आणि तसंच असतं. निमंत्रण न मिळाल्याची थट्टा करणारं काम प्रत्यक्षात निमंत्रणाचा अर्ज असतं, आणि अलीकडे क्युरेटर तो अर्ज मंजूरही करू लागले आहेत.

आपल्याकडच्या बाकीच्या कलेविषयी फार लिहिण्याचं कारण नाही. शिल्पकार सुबोध गुप्ताची भांडी आता भांडी राहिली आहेत. चित्रकार तोटा वैकुंठम यांच्या कुंकवाच्या बायका त्यांच्या स्वतःच्या हातून अजूनही खऱ्या उतरतात, पण हॉटेलांच्या लॉबीत ज्या दिसतात त्या नकला आहेत. डिजिटल टोकनांचा बाजार आला आणि गेला.

आता ज्यांना खरोखर हसता आलं त्यांच्याकडे येतो. पहिलं नाव भूपेन खख्खर. १९७२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनातल्या प्रदर्शनासाठी या सनदी लेखापालानं जो कॅटलॉग काढला त्यात त्यानं स्वतःचे फोटो काढून घेतले: कधी गुप्तहेरपटाचा नायक, कधी पिळदार शरीरसौष्ठवपटू. अंगकाठी बेताची, चेहरा बडोद्याच्या कचेरीतला. मोठा कलावंत दिसतो कसा, हा प्रश्न त्यानं स्वतःचं शरीर पणाला लावून विचारला. त्या वेळी त्याला परदेशात फारसं कुणी ओळखत नव्हतं आणि त्या फोटोंमुळे कुणी ओळखेल अशी शक्यताही नव्हती. पुढे १९९२ मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात तो गेला, २०१६ मध्ये टेट मॉडर्ननं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि त्याला नाव दिलं त्याच्याच १९८१ च्या चित्राचं: 'यू कान्ट प्लीज ऑल'. बाप, मुलगा आणि गाढव यांची आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट त्या चित्रात खाली चाललेली आहे आणि बाल्कनीत एक नागडा माणूस पाठमोरा उभा राहून ती पाहतो आहे. सगळ्यांना खूश करायला निघालेल्या माणसाचं काय होतं हे त्या गोष्टीत आहे. पण खख्खरनं तिच्यात तो बाल्कनीतला माणूस आणून उभा केला, आणि तो माणूस स्वतः तो होता, समलिंगी, जे बोलणं तेव्हा त्याला फार महाग पडू शकत होतं. विनोदाची किंमत त्यानं आधी मोजली. मान्यता नंतर आली.

दुसरं नाव तुषार जोग. मराठी वाचकांनी या माणसाला जितकं ओळखायला हवं होतं तितकं ओळखलेलं नाही, आणि २०१८ मध्ये तो बावन्नाव्या वर्षी गेला. जेजे आणि बडोद्यात शिकलेला, अॅमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत राहून आलेला. परत येऊन त्यानं 'युनिसेल पब्लिक वर्क्स सेल' नावाचं एक खातं उघडलं. सरकारी बांधकाम खातं लोकांची कामं करत नाही, तर आपण करू, अशा थाटात तो योजना मांडायचा. लोकलच्या दारात लटकणाऱ्या प्रवाशाला डब्याला धरून ठेवणारं उपकरण त्यानं काढलं. रोज लोकलमधून माणसं पडून मरतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते उपकरण पाहून हसू येतं आणि लगेच घशात अडकतं.

आणि मग २०१०. शांघायला बिनालेच्याच दिवसांत भारत आणि चीनच्या समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन होतं. जोगला बोलावणं होतं. इतर लोक विमानानं गेले. जोग मुंबईहून बुलेटवर बसून निघाला. बुलेटचं नाव रोसिनांते, डॉन किहोतेच्या हडकुळ्या घोड्याचं. वाटेत सरदार सरोवर, वाटेत थ्री गॉर्जेस. एका धरणानं नर्मदेकाठची गावं बुडवली, दुसऱ्यानं यांगत्सेकाठच्या बारा-तेरा लाख माणसांना उठवलं. पन्नासएक दिवस तो रस्त्यावर होता. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला जाणाऱ्या कलावंताचं जे हास्यास्पद रूप आज आपली तरुण मंडळी फ्रेममध्ये बसवतात, ते रूप त्यानं पाठीच्या मणक्यावर वाहिलं: दमलेला, तेलकट, पन्नाशीकडे झुकलेला मराठी माणूस एका जुनाट यंत्रावर बसून जगाच्या दरबारात चाललेला. पण तो ज्या वाटेनं गेला ती वाट बुडालेल्या गावांची होती. त्याचं हसू त्या गावांमधून जात होतं, म्हणून शांघायला पोहोचल्यावर त्याला वजन होतं. थट्टा करायची तर अशी करा: प्रदर्शनाच्या दारापर्यंतचा रस्ता स्वतः तुडवा आणि वाटेत कोण राहतं ते बघा.

आता हैदराबाद, आणि हुसेन. पंढरपूरचा हा माणूस जगाच्या कौतुकाच्या मागे आयुष्यभर धावला, हे कुणी नाकारू नये. अनवाणी पाय, लांब ब्रश, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जहांगीरमध्ये पांढरी वस्त्रं आणि फाडलेली वर्तमानपत्रं पसरून केलेलं 'श्वेतांबरी', नट्यांवरचं उघड प्रेम. समीक्षकांनी याला दिखाऊपणा म्हटलं. मला वाटतं, भारतात चित्रकार नावाचा प्राणी रस्त्यावरच्या माणसाला दिसावा यासाठी त्यानं स्वतःलाच तमाशाचा सोंगाड्या केलं, आणि त्याचा तो हक्क होता. पण हैदराबादनं त्याच्याकडून जे करून घेतलं ते याहून मोठं आहे, आणि हैदराबादेतच त्याची आठवण कुणी काढत नाही.

१९७१ मध्ये साओ पावलोच्या बिनालेला हुसेन खास निमंत्रित होता, पिकासोबरोबर. भारतीय चित्रकाराच्या वाट्याला त्याआधी असा मान क्वचितच आला असेल. तिथे तो महाभारत घेऊन गेला. पण त्याच काळात हैदराबादेत तो रामायण रंगवत होता. राममनोहर लोहियांनी त्याला सांगितलं होतं की टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यातून बाहेर पड आणि रामायण रंगव, ते गावागावांत लोकांचं आहे. लोहिया १९६७ मध्ये गेले. हैदराबादच्या बद्रीविशाल पित्तींच्या आसऱ्यानं हुसेननं १९६८ पासून सुमारे आठ वर्षं दीडशेच्या आसपास चित्रं केली, मोबदला न घेता. काशीच्या पंडितांशी बसून पाठ समजून घेतले. आणि ती चित्रं बैलगाड्यांवर चढवून हैदराबादभोवतीच्या खेड्यांत नेली. तिथे कॅटलॉग नव्हता, क्युरेटरचं टिपण नव्हतं. लोक आले, बघितलं, आणि आधुनिक कला समजत नाही असं कुणी म्हणालं नाही, कारण राम आणि हनुमान त्यांच्या ओळखीचे होते.

एकाच चित्रकाराची दोन महाकाव्यं. एक साओ पावलोला गेलं, दुसरं तेलंगणच्या गाडीवाटेनं. पहिल्याचा उल्लेख प्रत्येक चरित्रात असतो. दुसऱ्याला मी विसाव्या शतकातल्या भारतीय कलेतल्या सर्वांत धाडसी प्रदर्शनांपैकी एक मानतो, आणि हे म्हणताना मला जराही संकोच नाही.

पुढे त्याच रामकथेच्या देशातून हुसेनला जावं लागलं. २०११ च्या जूनमध्ये व्हेनिसला भारताचं पहिलं अधिकृत राष्ट्रीय दालन उघडलं, रणजित होस्कोटेंनी उभं केलेलं, झरीना हाश्मी, प्रणीत सोई, गीगी स्कारिया, डिझायर मशीन कलेक्टिव्ह यांचं. ते लोकांसाठी खुलं झाल्यावर पाच दिवसांनी, ९ जूनला, हुसेन लंडनच्या इस्पितळात वारला, कतारचा नागरिक म्हणून. एका आठवड्यात देशानं जगाच्या प्रदर्शनात पाय ठेवला आणि ज्यानं ते स्वप्न गल्लोगल्ली मिरवलं त्याला परक्या मातीत पुरलं. यावर कुणी काम केलं तर मी ते बघायला कुठेही जाईन. त्यापुढे व्हिसा नाकारल्याच्या पत्राची भरतकामाची गंमत मला पोरकट वाटते.

त्यानंतरची भारताची वागणूकही बघा. दुसरं दालन २०१९ मध्ये, मग २०२२ आणि २०२४ ला पुन्हा शून्य. २०१९ चं दालन मात्र मला मनापासून आवडलं, आणि तिथे शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतं होती. साठीच्या आसपासची बाई, वेताच्या पिंजऱ्यासारखं कवच अंगावर चढवून मुंबईच्या रस्त्यांवर आणि पुलांवर उभी राहून फोटो काढून घेते. त्यातही हसू आहे. कवच रक्षण करतं आणि कोंडतंही. चालताना ते करकरत असणार. त्या व्हेनिसला जायचं म्हणून वेत वाकवायला बसल्या नव्हत्या. बाई शहरात एकटी चालते तेव्हा काय होतं, हे सांगायला बसल्या होत्या.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि ते मी हैदराबादच्या तरुण चित्रकारांना तोंडावर सांगायला तयार आहे. तुम्ही 'जगाला दिसायचंय' म्हणता तेव्हा जग म्हणजे पाच-सहा शहरांतले शे-दोनशे लोक असतात. तुमच्या शहरात सालारजंगनं दीडशे वर्षांपूर्वी इटालियन बेन्झोनीची बुरखाधारी रिबेका आणून ठेवली. रविवारी तिच्यासमोर जी गर्दी होते, निझामाबादहून, नांदेडहून, गुलबर्ग्याहून आलेल्या कुटुंबांची, ती गर्दी संगमरवरातला पारदर्शक पदर बघून थक्क होते आणि त्यासाठी कुणाचं प्रमाणपत्र मागत नाही. आंतरराष्ट्रीय प्रेक्षक म्हणतात तो हाच. तो तुमच्या घरापासून एका बसच्या अंतरावर आहे आणि तुम्ही त्याच्यासाठी एकही काम केलेलं नाही. लक्ष्मा गौडांनी निजामपूरच्या बकऱ्या, झाडं आणि माणसं ओरखड्यांनी धातूच्या पत्र्यावर कोरली तेव्हा ती आधी गावाला ओळखू येत होती. पी. टी. रेड्डी मुंबईच्या 'यंग टर्क्स'मधून हैदराबादला परतले आणि इथेच काम करत राहिले. हैदराबादचे चित्रकार सुकुमार देऊसकर यांचं नाव तर आज मराठी माणसालाही सांगावं लागतं.

आणि चित्रकारांना बोल लावून मी थांबणार नाही, कारण दोष त्यांचा एकट्याचा नाही. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून आहे, बंगळुरूत २००९ पासून. हैदराबादेत नाही. ज्या शहरानं आधुनिक भारतीय कलेला रेड्डी, गौड, वैकुंठम, सूर्यप्रकाश आणि हुसेनचं रामायण दिलं, तिथे ही सगळी कामं एका छताखाली, वर्षभर, शाळेच्या पोरांना वीस रुपयांत बघता येतील अशी जागा नाही. मग मुलगा कुणाकडे बघून शिकणार? तो फोनवर व्हेनिस बघतो. त्याच्या विनोदातला रितेपणा या रित्या भिंतींतून आला आहे.

तेव्हा मराठी वाचकांना, आणि विशेषतः इथल्या मराठी संस्थांना माझी विनंती आहे. तेलंगण सरकारकडे आणि दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयाकडे हैदराबादच्या संग्रहालयाची मागणी करा, लेखी करा, दरवर्षी करा. पित्ती घराण्याच्या आणि इतर संग्राहकांच्या परवानगीनं हुसेनच्या रामायणातली जी चित्रं मिळतील ती निदान एकदा जनतेसमोर आणा, शहरात नको, सिद्दीपेटला आणा, जनगावला आणा. आणि ज्या तरुणानं जरदोजीचं ते पत्र भरून घेतलं त्याला एवढंच सांगायचंय: पाटीवर कारागिराचं नाव लिही, आणि पुढचं काम त्याच्याबरोबर बसून कर.