भूमिका-क्रीडेतील ड्रॅगन आणि सूत्रधाराची भाषा

मेजाभोवती बसून, केवळ बोलणे आणि फासे यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिका-क्रीडेचा आद्य नियमग्रंथ म्हणजे गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ होय. या क्रीडेत एक जण सूत्रधार असतो. तो स्थळ, प्रसंग आणि प्रतिपक्ष शब्दांत उभे करतो. इतर खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात. ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निर्णय फाशांवर सोपविला जातो. रंगमंच नाही, वेष नाही, लिखित संहिता नाही. ज्याचे नाव या खेळाने धारण केले आहे त्या ड्रॅगनशी होणारी गाठ ही साहजिकच सूत्रधाराची खरी कसोटी ठरते. परंतु प्राणी प्रचंड आणि प्रसंग मात्र किरकोळ, असा अनुभव या ठिकाणी वारंवार येतो. याचे कारण नियमांत शोधण्यापेक्षा भाषेत शोधणे अधिक उचित होईल.

नियमकर्त्यांनी या प्रसंगाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ड्रॅगनने अग्निश्वास सोडल्यानंतर त्याच्या प्रत्येक पाळीच्या आरंभी सहा बाजूंचा एक फासा टाकला जातो आणि ५ किंवा ६ पडल्यासच ती शक्ती त्याला पुन्हा प्राप्त होते. पूर्ण वाढ झालेल्या ड्रॅगनला इतरांच्या पाळ्यांच्या शेवटी आणखी तीन कृती करता येतात. त्यामुळे अनेकांविरुद्ध एकटा असूनही तो निष्क्रिय राहत नाही. त्याच्या केवळ सान्निध्याने पात्रे भयग्रस्त होऊ शकतात. यांपैकी प्रत्येक नियमाच्या मागे एक नाट्यतत्त्व आहे. मात्र सूत्रधार जेव्हा अठरा फाशांची बेरीज तेवढी वाचून दाखवितो, तेव्हा नियम पाळला जातो आणि नाट्य हरवते.

येथे शब्दाच्या व्युत्पत्तीची आठवण उद्बोधक ठरेल. ‘ड्रॅगन’चे मूळ असलेला ग्रीक ‘द्राकोन’ हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो, आणि संस्कृतातील दृश् हा त्या धातूचा सगोत्र आहे. म्हणजे ड्रॅगन हा मुळात रोखून पाहणारा आहे. दंश आणि ज्वाला नंतरच्या. भयकारी सान्निध्याचा नियम नकळत याच अर्थाकडे परततो. सूत्रधाराने ड्रॅगनची लांबी-रुंदी सांगण्यापूर्वी तो कोणाकडे पाहत आहे आणि त्याला काय हवे आहे, हे सांगितले पाहिजे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ड्रॅगनला बोलता येते की नाही, हेदेखील जातीनुसार शेकडेवारीने ठरत असे. ज्या क्रीडेत बोलण्यावाचून दुसरे साधनच नाही, तेथे मुख्य प्रतिपक्षाची वाणी दैवाधीन ठेवणे, हा विचित्र विरोधाभास होता.

संहितेवाचून केवळ बोलण्यातून दैत्य उभा करण्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. सिंधुदुर्गातील दशावतारात नट कथानक ठरवून घेतात, पण संवाद रंगभूमीवरच रचतात. पूर्वरंगात येणारा काळ्या वेषातील संकासुर वेद पळविणारा दैत्य असूनही मालवणीत बोलतो, थट्टा करतो, उलट प्रश्न विचारतो. विष्णूकडून त्याचा वध होणार, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही प्रेक्षक रमतात. कारण शेवट बांधलेला असला तरी बोलणे मोकळे असते. संकासुराचे सारे सामर्थ्य त्या मोकळेपणात साठविलेले आहे.

परंतु हे साम्य एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी ‘हाऊ टू किल अ ड्रॅगन’ (१९९५) या ग्रंथात, वीराने सर्पाला मारले, या आशयाचे सूत्र ऋग्वेदातील इंद्र-वृत्रकथेपासून अवेस्ता, ग्रीक व जर्मानिक काव्यापर्यंत कसे टिकून राहिले, हे दाखविले आहे. त्यांच्या विवेचनातील महत्त्वाचा भाग असा, की हे सूत्र उलटेही फिरू शकते: सर्पही वीराला मारू शकतो. बेवुल्फ ड्रॅगनचा वध करतो आणि त्याच ड्रॅगनच्या दंशाने स्वतः मरतो. दशावताराने सूत्राची एकच दिशा स्वीकारली; भूमिका-क्रीडेने दोन्ही खुल्या ठेवल्या. हन् धातूचा कर्ता कोण आणि कर्म कोण, हे येथे फाशांनी ठरावयाचे असते.

म्हणूनच खेळाडूंच्या प्रेमापोटी पडद्याआड फाशाचे दान बदलणारा सूत्रधार वाटतो तितका उदार नसतो. तो संकासुराचा निश्चित शेवट उचलतो, पण त्याची मोकळी वाणी मात्र घेत नाही. दोन्ही परंपरांतील दुर्बल अंश तेवढा त्याच्या हाती लागतो. त्याने विजय बहाल केला, हे खेळाडूंना एकदा कळले, की पुढील सर्व विजय संशयास्पद होतात. दया दाखवावयाचीच असेल तर ती ड्रॅगनच्या वाणीतून दाखविता येते: तो खंडणी मागेल, सौदा करील, तुच्छतेने जाऊ देईल. अशी दया पात्राच्या स्वभावातून येते आणि फाशाचा शब्द अबाधित राहतो.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावी हा खेळ मराठीत चालवावयाचा झाल्यास ड्रॅगनने कोणती मराठी बोलावी? पौराणिक नाटकाची संस्कृतप्रचुर भाषा प्रथम सुचेल. पण तिने भव्यता येते, धाक येईलच असे नाही. ती ऐकताच दैत्याचा वध ठरलेला आहे, अशी खूणगाठ श्रोता मनाशी बांधतो. परिसरातील आगरी बोलीत शांतपणे, घरच्या माणसासारखा खंडणीचा हिशेब मांडणारा ड्रॅगन अधिक भयप्रद ठरण्याचा संभव आहे. दैत्याला घरची बोली देण्याचे धैर्य संकासुराने केव्हाच दाखविले आहे. पुढील दान मात्र फाशांवर सोडावे लागेल.