‘मर्फी’ या आयरिश आडनावाचा उगम, अर्थ आणि आधुनिक प्रसार : एक चिकित्सा

प्रस्तावना

‘मर्फी’ हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. एका पिढीच्या घरात तो रेडिओच्या पेटीवरून आला, दुसऱ्या पिढीला तो ‘मर्फीचा नियम’ म्हणून भेटला. रेडिओची मूळ कंपनी १९२९ मध्ये फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी इंग्लंडमध्ये स्थापन केली, तर नियमाला एडवर्ड मर्फी या अमेरिकन अभियंत्याचे नाव मिळाले. यांपैकी कोणतीही गोष्ट आयर्लंडमध्ये घडलेली नाही. तरीही हे आडनाव आयर्लंडमधील सर्वाधिक प्रचलित आडनाव आहे आणि त्याचा इतिहास त्या देशाच्या भाषेच्या, सत्तेच्या व स्थलांतराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

या आडनावाविषयी सर्वत्र तीन विधाने आढळतात. त्याचा अर्थ ‘सागरी योद्धा’ असा आहे. सर्व मर्फी एका प्राचीन राजकुळाचे वंशज आहेत. आणि हे कुळ आयर्लंडमधील सर्वांत मोठे कुळ आहे. कुलचिन्हे विकणाऱ्या दुकानांपासून कौटुंबिक स्मरणिकांपर्यंत ही विधाने एकत्रच केली जातात. प्रस्तुत लेखात आडनावांच्या अभ्यासातील प्रमुख साधनांच्या आधारे या तिन्ही विधानांची तपासणी केली आहे. आडनाव हा नेमका कशाचा पुरावा मानावा, हा त्यामागील मूलभूत प्रश्न आहे.

व्युत्पत्ती आणि अर्थ

‘मर्फी’चे मूळ आयरिश रूप ‘ओ मुर्चाधा’ किंवा ‘मॅक मुर्चाधा’ असे आहे. (येथे लिप्यंतर अक्षरांनुसार केले आहे, प्रत्यक्ष उच्चारात ‘च’च्या जागी घशातून येणारा, ‘ख’ला जवळचा घर्षक ध्वनी असतो.) ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे पुत्र. ‘मुर्चाधा’ हे ‘मुर्चाध’ या पुरुषनामाचे षष्ठीचे रूप आहे. ‘मुर्चाध’ या नावात ‘मुइर’ म्हणजे समुद्र आणि ‘काथ’ म्हणजे युद्ध अशी दोन पदे आहेत. यांतील ‘काथ’ या शब्दाचा संबंध काही भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘शत्रु’ या शब्दाशीही जोडतात.

व्युत्पत्तीचा हा भाग निर्विवाद म्हणता येईल. प्रश्न उद्भवतो तो पुढील पायरीवर. प्राचीन आयरिश, तसेच जर्मानिक भाषांतील द्विपदी नावे प्रतिष्ठित पदांच्या जोडणीतून तयार होत. त्या जोडणीतून अर्थपूर्ण वर्णन साधलेच पाहिजे, असा आग्रह नसे. जर्मानिक ‘हिल्डेगुंड’ या नावातील दोन्ही पदांचा अर्थ ‘युद्ध’ असाच आहे. त्यातून कोणतेही वर्णन निष्पन्न होत नाही. आयरिशमध्ये ‘काथ’ हेच पद ‘डोन्चाध’ या नावातही येते. मुर्चाध हे नाव किनाऱ्यावरील घराण्यांपुरते मर्यादित नव्हते. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला, राजा ब्रायन बोरू याचा पुत्र याच नावाचा होता आणि लेन्स्टरच्या राजघराण्यातही ते नाव होते. त्यामुळे मुर्चाध नावाचा प्रत्येक पुरुष समुद्रावर लढला, असे या नावावरून म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. व्यक्तिनामाचा अर्थ आणि आडनावाचा अर्थ एक नव्हेत. आडनावाचा अर्थ ‘मुर्चाध नावाच्या पुरुषाचा वंशज’ एवढाच आहे. फादर पॅट्रिक वुल्फ यांच्या १९२३ च्या ‘स्लॉइंते गेल इस गॉल’ या ग्रंथात हा क्रम नीट पाळलेला दिसतो : आधी ‘मुर्चाधचा वंशज’, मग त्या व्यक्तिनामाचा अर्थ. पुढील संकलकांनी पहिला भाग गाळला व दुसरा ठेवला. म्हणजे चूक मूळ कोशकाराची नसून त्याचा संक्षेप करणाऱ्यांची आहे. ‘वंशज’ हा शब्द गळताच आडनाव वंशावळीचे विधान न राहता कुळाच्या स्वभावाचे वर्णन बनले.

‘मर्फी’ हे रूप कसे सिद्ध झाले?

‘मुर्चाधा’तून ‘मर्फी’ निघणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु घशातील घर्षक ध्वनी इंग्रजी कानांना ‘फ’सारखा ऐकू येणे ही एकाकी घटना नाही. ‘ओ डोन्चाधा’ या नावापासून डोनोहू हे रूप झाले, तर त्याच्याच भावंडरूपापासून, म्हणजे ‘ओ डोन्चाइध’पासून, ‘डन्फी’ हे आडनाव निघाले. मर्फी आणि डन्फी यांची ही समांतर घडण ध्वनिपरिवर्तनाच्या स्पष्टीकरणाला बळ देते. वेक्सफर्डमधील एका प्रमुख घराण्याने टिकवलेले ‘ओ’मॉर्को’ हे रूप मात्र मूळ आयरिश उच्चाराच्या अधिक जवळ आहे.

इंग्रजी राजवटीत, विशेषतः सतराव्या-अठराव्या शतकांत, ‘ओ’ आणि ‘मॅक’ हे उपसर्ग मोठ्या प्रमाणावर गळाले. कायदा, जमीन आणि न्यायालय यांची भाषा इंग्रजी झाल्यावर नाव कसे लिहायचे, हे बहुधा लेखनिक ठरवीत असे. आयरिश भाषेच्या वर्तुळात मात्र जुने रूप चालूच राहिले. कॉर्कमधील अठराव्या शतकातील कवी शॉन ओ मुर्चाधा ना राहिनिआख याचे नाव त्याची साक्ष देते. त्यातील शेवटचे पद हे एकाच आडनावाच्या अनेक घरांतून आपले घर ओळखू यावे म्हणून जोडलेले उपनाम आहे. १८९३ मध्ये गेलिक लीगची स्थापना झाल्यानंतर सलिव्हन, कॉनर, नील अशा अनेक घराण्यांनी ‘ओ’ परत स्वीकारला. मर्फींच्या बाबतीत तसे घडले नाही. आयरिशमध्ये लिहिताना ‘ओ मुर्चू’, स्त्रियांसाठी ‘नी व्हुर्चू’, अशी रूपे वापरात आहेत. इंग्रजीत मात्र ‘ओ’मर्फी’ जवळजवळ आढळत नाही. फ्रान्समध्ये रूआँ येथे जन्मलेली, पंधराव्या लुईच्या दरबारात गाजलेली मारी-लुईज ओ’मर्फी हा ठळक अपवाद होय. आयर्लंडबाहेर, इंग्रजी प्रशासनाच्या कक्षेपलीकडे हा उपसर्ग टिकला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

उपसर्ग गळण्याचा परिणाम केवळ भाषिक नव्हता. ‘ओ मुर्चाधा’ आणि ‘मॅक मुर्चाधा’ ही वेगळी आडनावे होती. उपसर्ग गेल्यावर दोन्ही ‘मर्फी’ झाली आणि कोण कोणाचे, हे सांगण्याची सोय संपली.

उगम : एक की अनेक?

एडवर्ड मॅकलायसॅट यांच्या ‘आयरिश फॅमिलीज’ (१९५७) या ग्रंथाचे मोठे कार्य म्हणजे त्यांनी आडनाव आणि प्रदेश यांची सांगड घातली. त्यांच्या मांडणीनुसार वेक्सफर्डमधील ओ मुर्चाधा, टिरोनमधून दक्षिण आर्मामध्ये सरकलेले मॅक मुर्चाधा, तसेच कॉर्क आणि पश्चिमेकडील स्लायगो-रॉसकॉमन भागातील घराणी यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

सर्व मर्फींना लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याच्याशी जोडणारी लोकप्रिय कथा या मांडणीपुढे टिकत नाही. डर्मटला ११६६ मध्ये राज्य गमवावे लागले. त्याने नॉर्मनांची मदत मागितली आणि ११६९ मध्ये त्यांचे पाऊल आयर्लंडच्या भूमीवर पडले. त्याच्या नावातील ‘मॅक मुर्चाधा’चा विचार करताना एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. त्याचा पिता डोन्चाध होता आणि मुर्चाध हा आजा. ‘मॅक’चा शब्दशः अर्थ घेतला तर डर्मट हा ‘मॅक डोन्चाधा’ ठरला असता. म्हणजे त्याच्या पिढीपर्यंत पितृनाम स्थिर होऊन आडनाव झाले होते. आयरिश आडनावे युरोपातील सर्वांत जुन्या आनुवंशिक आडनावांत मोडतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु त्याच्या थेट वंशात पुढे कॅव्हनाह आणि किन्सेला ही आडनावे रूढ झाली. म्हणून राजाच्या नावातील मुर्चाध आणि आजच्या मर्फीमधील मुर्चाध हे नामसाम्य मानावे. त्यावरून वंशसाम्य सिद्ध होत नाही.

मॅकलायसॅट यांच्या पद्धतीचीही मर्यादा नोंदवली पाहिजे. वंशावळी टिकल्या त्या सरदार घराण्यांच्या. सामान्य कुळवाडी त्या वंशावळींत येत नाही. त्याचे कुळ तो ज्या प्रदेशात राहतो त्यावरून गृहीत धरले जाते. हे अनुमान अनेकदा बरोबर असेल, पण ते अनुमानच आहे.

गणनेचा प्रश्न

प्रसाराविषयीचा सर्वांत महत्त्वाचा ऐतिहासिक दस्तऐवज म्हणजे रॉबर्ट मॅथेसन यांचा आयर्लंडमधील आडनावांवरील १८९४ चा अहवाल. १८९० मधील जन्मनोंदींवर तो आधारलेला आहे. त्यात मर्फी १,३८६ नोंदींसह पहिल्या आणि केली १,२४२ नोंदींसह दुसऱ्या स्थानी आहे. या नोंदींवरून मॅथेसन यांनी मर्फींची एकूण संख्या ६२,६०० आणि केलींची ५५,९०० अशी अंदाजित केली. मर्फी हे नाव प्रामुख्याने कॉर्क, डब्लिन आणि वेक्सफर्ड येथे एकवटलेले दिसते.

हे आकडे आजही जनगणनेचे आकडे असल्यासारखे उद्धृत होतात. प्रत्यक्षात ते एका वर्षाच्या जन्मसंख्येला सुमारे ४५ ने गुणून काढलेले आहेत. प्रत्येक आडनावाच्या समूहात जन्मदर सारखा आहे, हे त्यामागचे गृहीतक. विवाहाचे वय आणि तरुणांचे देशांतर प्रदेशानुसार बदलत असताना हे गृहीतक निर्दोष म्हणता येणार नाही. क्रम विश्वसनीय मानावा. संख्या मात्र अंदाज म्हणूनच वापरावी.

क्रमाची विश्वसनीयता काळाने सिद्ध केली आहे. आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या जन्मनोंदींवरील अलीकडच्या याद्यांतही मर्फी अग्रस्थानी आढळते. अमेरिकेच्या २००० आणि २०१० च्या दोन्ही जनगणनांत या आडनावाच्या व्यक्ती ३ लाखांहून अधिक होत्या, म्हणजे मॅथेसन यांच्या अंदाजातील आयर्लंडमधील संख्येच्या जवळपास पाचपट. यामागे १८४५ ते १८५२ चा महादुष्काळ आणि त्यानंतर अनेक दशके चाललेले देशांतर आहे. अमेरिकेतील मर्फींत कृष्णवर्णीय नागरिकांचीही लक्षणीय संख्या आहे. अभिनेता एडी मर्फी हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. अटलांटिकपलीकडे आडनाव केवळ रक्ताच्या वाटेने गेले नाही, हे येथे दिसते.

देशांतराबरोबर नावाचा सामाजिक अर्थही बदलला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बोलीत ‘मर्फी’ म्हणजे बटाटा. गरीब आयरिश माणूस आणि त्याचे अन्न यांना एकाच शब्दात बसवणारा हा उपहास होता. ज्या नावाचा ‘सागरी योद्धा’ असा गौरव पुढे केला जातो, त्याच नावाने परक्या शहरांतील मजुराची थट्टा होत होती. गौरवार्थाच्या आजच्या आकर्षणामागे या अपमानाची स्मृती असणे अशक्य नाही. आडनावाचा अर्थ सांगणारे कोश मात्र या दुसऱ्या अर्थाकडे सहसा वळत नाहीत.

जनुकीय पुरावा

२००६ मध्ये मॅकएव्हॉय आणि ब्रॅडली यांनी ४३ आयरिश आडनावांच्या १,१२५ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाय गुणसूत्र आडनावाप्रमाणेच पित्याकडून पुत्राकडे जाते, म्हणून ही तुलना अर्थपूर्ण ठरते. ओ’सलिव्हन आणि रायन या आडनावांमागे एक प्रमुख पूर्वज दिसला. मर्फी आणि केली यांच्यामागे मात्र अनेक मूळपुरुष आढळले. या आडनावांची संख्या मोठी असण्याचे संभाव्य कारणही संशोधकांनी याच बहुमूलत्वात पाहिले.

कागदपत्रांवरून मॅकलायसॅट ज्या निष्कर्षाकडे गेले होते, त्याला येथे स्वतंत्र पुष्टी मिळते. तथापि १,१२५ नमुने ४३ आडनावांत विभागले तर सरासरी एका आडनावाला सुमारे २६ पुरुष येतात. एवढ्या नमुन्यावरून अनेक मूळपुरुष होते हे सांगता येते. कोणता मर्फी वेक्सफर्डच्या कुळाचा आणि कोणता आर्माच्या, हे सांगता येत नाही. शिवाय दत्तकविधान, अनौरस संतती आणि मातेचे नाव लावणे यांमुळे आडनाव व गुणसूत्र यांची वाट मध्येच वेगळी होऊ शकते.

समारोप

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, ‘सागरी योद्धा’ हा मुर्चाध या व्यक्तिनामाच्या घटकपदांचा अर्थ आहे, मर्फी या आडनावाचा नव्हे. दुसरा, मर्फींचे एक मूळ कुळ नाही. निदान दोन उपसर्गांची आणि अनेक प्रदेशांतील घराणी इंग्रजी लेखनपद्धतीने एका नावाखाली आणली. तिसरा निष्कर्ष पहिल्या दोहोंतून येतो : मर्फी हे आयर्लंडमधील सर्वाधिक प्रचलित आडनाव आहे, पण म्हणून ते सर्वांत मोठे कुळ ठरत नाही.

भाषाशास्त्र, वंशावळ, गणना आणि जनुकशास्त्र या चारही साधनांना आपापल्या मर्यादा आहेत. कोशकाराला नावाचा अर्थ कळतो, पण ते धारण करणारा माणूस कळत नाही. वंशावळकाराला सरदार दिसतो, कुळवाडी दिसत नाही. गणनाकाराला संख्या मिळते, नाते मिळत नाही. आणि जनुकशास्त्रज्ञाला नाते सापडते तरी त्याचे गाव सापडत नाही. या चौघांचे म्हणणे एकत्र ऐकल्याशिवाय आडनावावरून कुळाचा दावा करणे शास्त्रीय ठरत नाही. मर्फी या नावात एका घराण्याचा अखंड वारसा शोधणाऱ्याची निराशा होईल. परंतु एका भाषेची नावे दुसऱ्या भाषेच्या नोंदवहीत उतरताना माणसांच्या ओळखीचे काय होते, हे पाहणाऱ्याला याहून पूर्ण उदाहरण क्वचितच मिळेल.