टपाली मतदानाचे नियम : एक चिकित्सा

निवडणूक कायद्यासंबंधीचे आपले विवेचन बहुधा मतदारसंघांची आखणी, पक्षांतर, निवडणूक खर्च अशा ठळक प्रश्नांभोवती फिरत राहते. निवडणूक संचालन नियम, १९६१ यांतील टपाली मतदानाचा भाग मात्र कचेरीतील कारकुनाने वाचावयाचा म्हणून बाजूस ठेवला जातो. नमुने, लखोटे, प्रतिज्ञापत्रे आणि मुदती यांनी तो भरलेला आहे व वाचावयास कंटाळवाणा आहे, हे खरेच. परंतु मतदानाच्या दिवशी जो मतदार केंद्रावर येऊ शकत नाही, त्याच्याविषयी राज्याची कल्पना काय आहे हे जाणावयाचे असेल, तर याच रुक्ष नियमांकडे यावे लागते.

या नियमांचा आधार लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या ६० व्या कलमात आहे. सैन्यातील व तत्सम सेवेतील मतदार, परदेशी नेमणुकीवर असलेले शासकीय सेवक, राष्ट्रपती-राज्यपालांसारखी घोषित पदे धारण करणारे, निवडणुकीच्या कामावर नेमलेले कर्मचारी आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्या व्यक्ती, एवढ्यांसच प्रथम टपालाने मत देण्याची मुभा होती. ही यादी सहज म्हणून जमलेली नाही. तिच्यामागे एक सूत्र आहे : ज्यास राज्याने स्वतःच्या कामासाठी दूर नेले किंवा अडवून ठेवले, त्याच्या मताची व्यवस्था राज्याने करावी. मतदार केंद्रावर पोचू शकतो काय, हा प्रश्न नियमाने विचारलेलाच नाही. त्यास कोणी दूर नेले, एवढेच विचारले आहे. सूत्र किती काटेकोर होते पाहा. सैनिकाच्या पत्नीस ते लागू होते, परंतु सैन्यातील स्त्री अधिकाऱ्याच्या पतीस नव्हते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’च्या जागी लिंगनिरपेक्ष शब्द घातला, तेव्हा कोठे ही विसंगती संपली.

येथे एक विपरीत गोष्ट नमूद केली पाहिजे. आरोपाविना स्थानबद्ध केलेला मनुष्य टपालाने मत देऊ शकतो. पण आरोप ठेवलेला, अद्याप दोषी न ठरलेला कच्चा कैदी ६२ व्या कलमान्वये मत देऊ शकत नाही. १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. म्हणजे वरील सूत्रही राज्य आपल्या सोयीनेच पाळते.

२०१९ च्या ऑक्टोबरात नियमांत ‘अनुपस्थित मतदार’ ही संज्ञा आली आणि सूत्रास प्रथमच तडा गेला. ऐंशी वर्षांवरील वृद्ध व अपंग मतदार यांस घरून मत देण्याची सोय झाली. मार्च २०२४ मध्ये वयाची मर्यादा पंच्याऐंशी करण्यात आली. या मतदारांस राज्याने कोठेही नेलेले नाही. ते आपल्या घरीच आहेत. गंमत अशी की त्यांच्या मतपत्रिकेस ‘टपाली’ म्हणतात, परंतु टपालाशी तिचा संबंध नाही. मतदान अधिकारी घरी येतात, मत नोंदवून घेतात व सोबत नेतात. चित्रीकरण होते, आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींस हजर राहता येते. व्यवस्था स्वागतार्ह आहे. तथापि तिची मुदत विचारपूर्वक ठरविलेली दिसत नाही. नमुना १२-ड मधील अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. महाराष्ट्रात २०२४ साली अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर होता. उमेदवार कोण हे ठरण्यापूर्वीच आजीबाईंनी मत कसे द्यावयाचे हे ठरवावे, आणि अर्ज मंजूर झाल्यावर प्रकृती सुधारून केंद्रावर गेल्या तरी तेथे त्यांस मत देता येऊ नये, असा हा प्रकार आहे.

मताच्या गुप्ततेच्या बाबतीत नियमांची भूमिका आणखी अस्थिर आहे. सैनिकास २०१६ पासून मतपत्रिका विद्युतमार्गाने मिळते. ती तो छापून घेतो, खूण करतो व टपालाने परत पाठवितो. छावणीत त्या वेळी त्याच्या शेजारी कोण उभे असते, हे नियमास ठाऊक नसते. निवडणूक कर्मचाऱ्यास पूर्वी मतपत्रिका घरी नेता येई व मतमोजणी सुरू होण्याच्या घटकेपर्यंत पोचविता येई. इतके दिवस ती हाती राहिल्याने दबावास व आमिषास वाव मिळतो, हे आयोगाने मान्य केले आणि २०२३ च्या दुरुस्तीने कर्मचाऱ्याने सुविधा केंद्रावर येऊनच मत द्यावे असे ठरले. ही दुरुस्ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिने ‘टपाली’ या नावाखाली वस्तुतः मुदतपूर्व प्रत्यक्ष मतदानच आणले आहे.

लखोट्याविषयीची ही शंका अनाठायी नाही. फ्रान्सने गैरप्रकारांमुळे १९७५ मध्ये टपाली मतदान बंद केले. इंग्लंडमध्ये मागेल त्यास टपाली मत देण्याची पद्धत आली, आणि २००४ च्या बर्मिंगहॅम नगरपरिषदेच्या निवडणुकीत दोन प्रभागांत टपाली मतांचे इतके गैरप्रकार झाले की २००५ मध्ये निवडणूक न्यायालयाने त्या निवडणुका रद्द केल्या. उलट जर्मनीने २००८ मध्ये कारण देण्याची अटही काढून टाकली, आणि २०२१ च्या संसदीय निवडणुकीत जवळजवळ निम्मी मते टपालाने आली. तेथील अनुभव आपल्याकडे जसाच्या तसा लागू करावा असे मी म्हणणार नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सर्व विवेचन केले त्यांच्याकडे वळू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरले होते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या याच सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० याचे २० वे कलम स्पष्ट सांगते की तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे मनुष्याचा सामान्य निवास नाहीसा होत नाही. म्हणजे मजुराचे नाव गावच्या यादीत राहते, राहिलेच पाहिजे. परंतु १९५१ च्या अधिनियमात त्याच्या अनुपस्थितीची दखल नाही. एक कायदा त्याचा हक्क जपून ठेवतो आणि दुसरा तो बजावण्याचा मार्ग देत नाही. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणारे १३५-ब हे कलम रोजंदारीच्या कामगारासही लागू आहे, असे उत्तर दिले जाईल. परंतु मुकादमाकडून उचल घेऊन फडात उतरलेल्या जोडप्यास एका दिवसाच्या सुट्टीत कोल्हापूरहून बीडला जाऊन परत येता येत नाही.

या मजुरास लखोटा द्यावा असे मी सुचवीत नाही. मुकादमाच्या देखत भरलेली मतपत्रिका ही त्याच्या मताची विटंबनाच ठरेल. त्यास हवे आहे ते कर्मचाऱ्यांच्या धर्तीचे सुविधा केंद्र, गाव सोडण्यापूर्वी, तालुक्याच्या ठिकाणी. येथे खरी अडचण कालावधीची आहे. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याखेरीज मतपत्रिका छापता येत नाही. ती तारीख व मतदान यांत पूर्वी किमान वीस दिवस असावे लागत. १९९६ च्या दुरुस्तीने ते चौदा झाले. प्रचाराचा खर्च आटोक्यात यावा हा हेतू योग्य होता, पण मुदतपूर्व मतदानाची जागा तिने आकसली, इकडे कोणाचे लक्ष गेले नाही. तरीही २०२४ मध्ये माघारीचा दिवस ४ नोव्हेंबर होता. छपाईचे काही दिवस वगळले तरी गाळप सुरू होण्यापूर्वी आठवडाभराचा अवकाश उरत होता.

दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला होता. एका यंत्रावर बहात्तर मतदारसंघ हाताळण्याची ती कल्पना पक्षांच्या आक्षेपांत अडकली, आणि २०२४ च्या निवडणुकांत ते यंत्र वापरले गेले नाही. तालुक्याच्या केंद्रासाठी अशा यंत्राची गरज नाही; बहुतेकांचा मतदारसंघ तोच असतो. अधिनियमाच्या ६० व्या कलमाचा खंड (क) शासनाशी विचारविनिमय करून आयोगास मतदारांचा एखादा वर्ग अधिसूचित करू देतो. काश्मीरमधून स्थलांतरित झालेल्यांसाठी अशी खास व्यवस्था करण्यात आली आहे. हंगामी स्थलांतर करणारा मजूर हा असा वर्ग का होऊ नये, याचे उत्तर नियमांच्या पोथीत कोठेही दिलेले नाही.