लोकप्रिय वैचारिक ग्रंथांतील बोध आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : तीन ग्रंथांचे चिकित्सक परिशीलन

प्रस्तावना

तंत्रज्ञान, पर्यावरण आणि भावनिक स्वास्थ्य या विषयांवरील लोकप्रिय ग्रंथांनी संशोधन सामान्य वाचकापर्यंत नेण्याचे महत्त्वाचे कार्य केले आहे. मात्र हे संशोधन वाचकापर्यंत पोहोचते ते बहुधा ‘बोध’ होऊनच. व्याख्यानांत आणि मूल्यशिक्षणाच्या तासिकेत आपण अध्यापकही हा बोधच उद्धृत करतो. त्यामागील पुरावा मात्र सहसा ग्रंथातच राहतो. प्रस्तुत लेखात रेचेल कार्सन यांचा ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२), डॅनियल गोलमन यांचा ‘इमोशनल इंटेलिजन्स’ (१९९५) आणि निकोलस कार यांचा ‘द शॅलोज’ (२०१०) या तीन ग्रंथांचे दोन प्रश्नांच्या आधारे परिशीलन केले आहे. ग्रंथातील बोध पुराव्याला धरून आहे काय? आणि बदलाचे उत्तरदायित्व तो कोणावर टाकतो?

पर्यावरण : ‘सायलेंट स्प्रिंग’

पक्ष्यांचा आवाज हरपलेल्या एका गावाच्या कल्पित चित्राने या ग्रंथाचा प्रारंभ होतो. टीकाकारांनी या प्रकरणावर अतिरंजिततेचा आक्षेप घेतला. तथापि या सर्व आपत्ती एकाच गावावर कोसळलेल्या नसून त्यांतील प्रत्येक कोठे ना कोठे घडलेली आहे, असे कार्सन यांनी त्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे. ग्रंथाच्या अखेरीस पन्नासहून अधिक पृष्ठांची संदर्भसूची आहे. मानवी कर्करोगाविषयीचे त्यांचे विवेचन पक्षी व मासे यांविषयीच्या विवेचनाइतके भक्कम नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुराव्याची तपासणी वाचकाला करता यावी, अशी सोय त्यांनी केली होती. १९६३ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या मांडणीस बव्हंशी पुष्टी दिली आणि १९७२ मध्ये तेथे डीडीटीचा बहुतांश वापर थांबविण्यात आला.

येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, कार्सन यांनी सर्वच कीटकनाशकांवर बंदी मागितली नव्हती. अविवेकी वापरास त्यांचा विरोध होता. त्यांचा रोख शासकीय फवारणी योजना, उत्पादक उद्योग आणि नागरिकांच्या माहितीच्या हक्काकडे होता, एकट्या शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाकडे नव्हे.

तंत्रज्ञान : ‘द शॅलोज’

कार यांनी २००८ मध्ये ‘द अटलांटिक’ या नियतकालिकात मांडलेला विचार या ग्रंथात विस्ताराने येतो. नकाशा, घड्याळ आणि मुद्रणकला यांनी मानवी विचारपद्धती कशी घडविली, याचे त्यांनी केलेले विवेचन हा ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग होय. आंतरजालामुळे मेंदूची घडण बदलते, या विधानासाठी त्यांनी आधार घेतलेल्या अभ्यासांपैकी एक कॅलिफोर्निया विद्यापीठातील गॅरी स्मॉल यांचा आहे. त्यात सहभागी व्यक्ती केवळ चोवीस होत्या आणि मापन झाले ते माहितीचा शोध घेताना मेंदूत होणाऱ्या क्रियेचे. सखोल वाचनाची क्षमता घटते, हे त्यावरून थेट सिद्ध होत नाही. म्हणजेच कार यांचा इतिहास त्यांच्या मज्जाविज्ञानापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

ग्रंथलेखनासाठी आपण शहरालगतची वस्ती सोडून डोंगराळ प्रदेशात गेलो, संपर्कसाधने आवरली आणि लेखन संपत येताच पुन्हा जुन्या सवयींकडे वळलो, अशी प्रांजळ कबुली कार देतात. वैयक्तिक निग्रहाची मर्यादा दाखविणारा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल. खेद इतकाच की, या कबुलीतून व्यवस्थेविषयीचा प्रश्न ते उभा करीत नाहीत.

भावनिक स्वास्थ्य : ‘इमोशनल इंटेलिजन्स’

भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये मांडली. गोलमन यांनी ती जगभर पोहोचविली. त्यांच्या ग्रंथातील वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग सर्वपरिचित आहे. समोरची मार्शमॅलो ही मिठाई लगेच न खाता थांबणाऱ्या बालकाला दुप्पट खाऊ मिळतो आणि असे थांबू शकणारी बालके पुढे अधिक यशस्वी होतात, असा त्याचा बोध सांगितला जातो. परंतु हा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेतील मुलांवर झालेला होता. २०१८ मध्ये टायलर वॉट्स व सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीचे विश्लेषण केले, तेव्हा हा संबंध मूळ अभ्यासाच्या सुमारे निम्माच आढळला. कौटुंबिक पार्श्वभूमी, घरचे वातावरण आणि प्रारंभिक बौद्धिक क्षमता विचारात घेतल्यावर तो आणखी दोन-तृतीयांशाने घटला.

त्याआधी २०१३ मध्ये सेलेस्ट किड यांनी अठ्ठावीस मुलांवर केलेला प्रयोग अधिक अंतर्मुख करणारा आहे. ज्या मुलांना प्रौढाने आधी दिलेला शब्द पाळला, ती सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांचा विश्वासभंग झाला होता, ती तीनच मिनिटे. नमुना लहान असला तरी त्यातून निघणारा प्रश्न मोठा आहे: न थांबणे हा स्वभावदोष की अनुभवातून आलेले शहाणपण? गोलमन यांनी शाळांमधील भावनिक शिक्षणाचा आग्रह धरला आहे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. तथापि उद्धृत होते ती मिठाईची कथा, शाळांविषयीचे प्रकरण नव्हे.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

बोधाचे हे स्थलांतर निरुपद्रवी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्या वेळी हातमोजे व मुखपट्टी न वापरल्याचा मुद्दा वारंवार पुढे आला. परंतु उन्हात, उंच वाढलेल्या पिकात राबणाऱ्या मजुराला ती साधने कोण देणार, विषारी मिश्रणांची विक्री कोणी रोखावयाची आणि उपचाराची सज्जता कोणाची, हे प्रश्न त्याच्या हातमोज्यांपाशी संपत नाहीत. कार्सन यांचे वाचन येथे आजही उपयोगी पडते.

वर्गातही हेच घडते. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर मिळेल, यावर ज्याचा विश्वास उरलेला नाही, अशा विद्यार्थ्याने शिक्षण सोडून हाती येईल ते काम धरले, तर त्याला संयमाचा धडा देणे सोपे असते. परंतु तो धडा त्याच्या वाट्याचा नसून शब्द न पाळणाऱ्यांच्या वाट्याचा असू शकतो.

निष्कर्ष

हे तिन्ही ग्रंथ वाचनीय आहेत आणि विद्यार्थ्यांच्या हाती ते अवश्य द्यावेत. मात्र त्यांतील बोध अध्यापनात वापरताना पुरावा किती व्यक्तींवर आणि कोणत्या परिस्थितीत मिळाला, तसेच बदलाची अपेक्षा कोणाकडून आहे, हे दोन प्रश्न सोबत द्यावेत. कार्सन यांचा ग्रंथ या कसोटीला अधिक उतरतो, कारण तो वाचकाला सुधारण्यापूर्वी त्याला माहिती मिळवण्याचा हक्क देतो. अन्य दोन ग्रंथांतून विद्यार्थ्याने आत्मपरीक्षण जरूर शिकावे. परंतु ते शिकविणाऱ्या संस्थेची त्यातून सुटका होऊ नये.