सप्तस्तरी प्रतिमान : एक परीक्षण

संगणकजालाचे अध्यापन बहुधा सात स्तरांच्या आकृतीने सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली प्रसिद्ध केलेले ओएसआय प्रतिमान विद्यार्थी मुखोद्गत करतो. परंतु एखाद्या स्तराची सीमा नेमकी तेथेच का आखली गेली, हा प्रश्न त्याला क्वचितच पडतो. स्तर हे जालाचे निसर्गसिद्ध अवयव नसून जबाबदारीची वाटणी आहे, आणि वाटणीची पारख तिच्या परिणामांवरून केली पाहिजे, असे आमचे प्रतिपादन आहे.

स्तररचनेचे तत्त्व सोपे आहे. वरचा स्तर आपला मजकूर खालच्याकडे सोपवितो. खालचा स्तर त्यास स्वतःचे हेडर जोडतो आणि आत काय आहे याची विचारपूस करीत नाही. पाकिटावरील पत्ता वाचणाऱ्या टपालवाल्यास पत्रातील मजकुराशी कर्तव्य नसते, तसेच हे. तथापि, आज स्वतंत्र भासणारे टीसीपी आणि आयपी हे दोन प्रोटोकॉल मुळात एकच होते. सर्फ आणि कान यांच्या १९७४ च्या निबंधात दोहोंचा भार एकाच प्रोटोकॉलवर होता. १९७८ मध्ये त्याचे विभाजन झाले. त्यामागे एक व्यावहारिक निकड होती. संभाषणाचा ध्वनी पाठविताना हरवलेले पॅकेट उशिरा मिळण्यापेक्षा न मिळालेलेच बरे. म्हणून आयपीने पोहोचविण्याचा केवळ प्रयत्न करावा; क्रम लावणे, पोच घेणे आणि हरवलेले पुन्हा पाठविणे हे काम, ज्याला हवे त्याच्यापुरते, टीसीपीने करावे असे ठरले. ही सीमा गरजेतून आली, सिद्धांतातून नव्हे.

या वाटणीची किंमत १९८६ च्या ऑक्टोबरात दिसून आली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर सुमारे ४०० यार्ड. पण त्यांच्यातील संदेशवहनाचा वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. वाटेतील यंत्रांच्या रांगा भरून पॅकेटे गळत होती, आणि गर्दीची कल्पना नसलेला टीसीपी तीच पॅकेटे पुनःपुन्हा पाठवून गर्दी वाढवीत होता. प्रत्येक स्तर आपले काम नियमानुसार करीत असतानाही संपूर्ण जाल कोसळू शकते, हा या घटनेचा बोध होय. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली मांडलेला उपाय असा : पॅकेट हरवणे ही गर्दीची खूण मानावी आणि पाठविण्याचा वेग कमी करावा. वरच्या स्तराने खालच्या स्तराची अवस्था अनुमानाने ओळखावी, असा याचा अर्थ. पुढे बिनतारी जालांत हे अनुमान चुकू लागले. तेथे पॅकेटे गर्दीमुळेच नव्हे, तर लहरींतील व्यत्ययानेही हरवतात, आणि टीसीपी विनाकारण मंदावतो.

२०२१ साली प्रमाणित झालेल्या क्विक प्रोटोकॉलने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. तो यूडीपीवर चालतो, पोच आणि क्रम स्वतः सांभाळतो आणि कूटलेखनही आपल्यातच सामावून घेतो. सातांपैकी त्याचा स्तर कोणता, याला सरळ उत्तर नाही. वाटेतील यंत्रांनी वरच्या स्तराची हेडरे वाचावीत आणि बदलावीत, ही प्रथा पूर्वीच रूढ झाली होती. क्विकने आपल्या हेडरांचा बराचसा भाग कूटबद्ध करून त्या प्रथेस आळा घातला. जी मर्यादा संकेताने पाळली गेली नाही, ती येथे कुलपाने पाळली जात आहे.

याचा अर्थ स्तरकल्पना त्याज्य आहे असा नव्हे. तांब्याच्या तारेकडून काचतंतूकडे आणि तेथून मोबाइलकडे जाताना वरचे प्रोटोकॉल मुळापासून बदलावे लागले नाहीत, हे आयपीच्या सीमेचेच श्रेय आहे. परंतु आकृती पाठ असणे म्हणजे जाल समजणे नव्हे. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ च्या निबंधात अधिक मूलगामी प्रश्न विचारला होता : एखादे कार्य पूर्णत्वाने आणि अचूकपणे कोठे करता येते? आपल्या प्रश्नपत्रिकांनीही स्तरांची नावे विचारण्याऐवजी, हा स्तर काय जाणत नाही आणि त्या अज्ञानाची किंमत कोण मोजतो, हे विचारावे. असे झाले तरच हे प्रतिमान विद्यार्थ्याच्या हाती विचाराचे साधन म्हणून राहील.