पत्रिकेची परीक्षा, आणि त्या परीक्षेची परीक्षा

मूल शाळेत मागे पडलं की मांडवगण फराट्यातही एखाद्या घरी आधी पत्रिका दाखवली जाते. सांगितलेलं एक खरं ठरलं तर ते गावभर होतं. चुकलेली दहा कुणी मोजत नाही. मानसशास्त्रात याला पुष्टीचा पूर्वग्रह म्हणतात. संशोधनपद्धती म्हणजे या सवयीला घातलेली वेसण. ती कशी घालतात, हे पाहायला आपण लांब जायला नको. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली फलज्योतिषाची चाचणी घेऊ.

पत्रिका २००: शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या (शब्द तेव्हाचा). त्यांतून कशाही उचललेल्या ४० प्रत्येक ज्योतिषाकडे गेल्या. कोणती कुणाची, ते त्याने ओळखायचं. मूल समोर नाही, आईबापांचा चेहरा वाचायची सोय नाही. ही अंध चाचणी. नाणं उडवलं तरी सरासरी २० बरोबर येणारच. म्हणून यशाची रेघ २८ वर, तीही आधीच आखलेली; नुसत्या नशिबाने तिथे पोचण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. निकाल पाहून रेघ सरकवली असती तर परीक्षेला अर्थच उरला नसता.

उत्तरं २७ जणांनी पाठवली. सर्वांत जास्त २४ बरोबर. सरासरी निम्म्याहूनही कमी. आता कुणी म्हणेल, "२४ आले की!" पण २७ जणांनी ४०-४० वेळा नाणी उडवली, तर दोघातिघांचे २४ सहज येतात.

आता या चाचणीलाही तपासू. तयारी दाखवली होती ५१ जणांनी. बाकीच्या २४ जणांचं काय? ते जास्त जाणकार होते की धास्तावलेले, हे या आकड्यांतून कळत नाही. नमुन्यातली ही गळती खरी उणीव आहे. दुसरं, इथे तपासली ती फक्त बुद्धी. लग्न, पाऊस, धंदा यांबद्दलचा निष्कर्ष यातून काढणं म्हणजे उडी मारणं. आपल्या बाजूच्या लोकांनाही हे सांगायला हवं.

तरीही आम्ही या चाचणीला वरचा दर्जा देतो. तिच्यात दोन्ही बाजूंना हरण्याची जागा होती. कुणी २८ गाठले असते, तर नारळीकरांना ते मान्य करावं लागलं असतं. जिथे हरताच येत नाही, तिथे परीक्षा होत नाही. मागे पडलेल्या मुलाबद्दल कुणीही काही सांगितलं, मग तो ज्योतिषी असो की बुद्ध्यांक काढणारा, तर आपण एवढंच विचारायचं: तुम्ही चुकलात हे कशावरून कळेल? उत्तर नसेल, तर त्या शब्दावर मुलाची शाळा सोडवू नका.